चाळिशीच्या आतला स्ट्रोक: ‘टेन्शनमुळे झालं’ म्हणून विषय मिटवू नका

अनघा_वाई

नमस्कार मंडळी,

माझ्या धाकट्या भावाला मागच्या वर्षी स्ट्रोक झाला. वय ३७. चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात शिफ्टची नोकरी. साखर नाही, दारू नाही, वजन बेताचं. आता तो चालतो, बोलतो, कामावर जातो. त्यामुळे हा धागा सहानुभूतीसाठी काढलेला नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलून जायचा, "आजकाल टेन्शनच फार असतं हो." नातेवाईक, शेजारी, त्याचे साहेब, सगळे. आणि एकदा हे म्हटलं की पुढे कुणी काही विचारायचं नाही. कारण सापडलं, विषय संपला.

टेन्शन त्याला होतंच. पण त्याच शिफ्टला त्याच मशीनवर उभ्या असलेल्या बाकीच्यांनाही होतं. मग ह्याच्याच मेंदूचा रक्तपुरवठा का तुटला?

उत्तर मिळालं ते दुसऱ्या डॉक्टरांनी मानेच्या रक्तवाहिन्यांची सीटी अँजिओग्राफी करून घेतली तेव्हा. मानेच्या मणक्यांमधून मेंदूच्या मागच्या भागाकडे जाणारी जी धमनी असते, तिचं आतलं अस्तर फाटलं होतं. याला डिसेक्शन म्हणतात. अस्तर फाटलं की रक्त धमनीच्या भिंतीत शिरतं, तिथे गुठळी धरते आणि तिचा तुकडा सुटून वर मेंदूत अडकतो. स्ट्रोकच्या आधी काही दिवस त्याची मान आणि डोक्याची मागची एक बाजू दुखत होती. औषधाच्या दुकानातून मलम आणून लावणं चालू होतं. त्याच सुमारास तो केस कापायला गेला होता आणि तिथे नेहमीप्रमाणे मालिश करून मान कडाकडा मोडून घेतली होती. त्यामुळेच झालं का? डॉक्टर ठामपणे हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मान मोडून घेणं मात्र कायमचं बंद करायला सांगितलं.

आणखी एक. चक्कर, उलट्या, चालताना एका बाजूला झोक जाणं, एवढी लक्षणं असताना पहिल्या ठिकाणी त्याला पित्ताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं होतं. रात्री गिळता येईना आणि आवाज बसला तेव्हा पुन्हा पळापळ झाली. त्याच्या वयामुळे स्ट्रोक हा शब्दच कुणाच्या डोक्यात आला नाही. याचा मला अजून राग येतो.

तर विनंती अशी, की ज्यांच्या घरात किंवा ओळखीत पन्नाशीच्या आत कुणाला स्ट्रोक झाला असेल त्यांनी शेवटी कारण काय निघालं ते लिहा. इथे डॉक्टर मंडळी आहेत, त्यांनी सविस्तर लिहावं.

मुठाकाठ

आमच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला. वय ४१. दवाखान्यात नेलं तेव्हा बीपी २००च्या वर होतं. त्याआधी बीपी कधी मोजलं होतं, तर नोकरीला लागताना. ते प्रमाणपत्र घरात फाइलला लावलेलं होतं. बाकी काही कारण निघालं नाही. डोकं कधी दुखलं नाही, चक्कर आली नाही, म्हणून मोजलं नाही, असं त्याची बायको सांगत होती. तो वाचला, पण उजवा हात अजून चालत नाही.

न्यूरो_विदर्भ

अनघाताई, धागा काढलात हे फार चांगलं केलंत. मी मेंदूविकारतज्ज्ञ आहे, विदर्भात काम करतो. लांबलचक प्रतिसाद आहे, सांभाळून घ्या.

स्ट्रोक दोन प्रकारचा. रक्तवाहिनी गुठळीने बंद होते, किंवा ती फुटून रक्तस्राव होतो. जगभरात पहिला प्रकार बराच जास्त आहे. आपल्याकडे रक्तस्रावाचा वाटा पाश्चात्त्य देशांपेक्षा मोठा दिसतो आणि त्यामागे मुख्य दोषी आहे न मोजलेलं, किंवा मोजूनही गोळी सोडून दिलेलं बीपी. तरुण म्हणजे साधारण १८ ते ५० असं आम्ही धरतो. पाश्चात्त्य देशांत एकूण स्ट्रोकपैकी १० ते १५ टक्के या वयात होतात.

दुर्मीळ कारणांची नावं ऐकायला रंजक वाटतात म्हणून आधी नेहमीची सांगतो. ३२ देशांत झालेला ‘इंटरस्ट्रोक’ नावाचा मोठा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं, की स्ट्रोकच्या एकूण धोक्यापैकी सुमारे ९० टक्के धोका बदलता येण्यासारख्या दहा गोष्टींशी जोडलेला आहे. बीपी पहिलं, बाकीच्यांत तंबाखू, मधुमेह, पोटाचा घेर, बैठं आयुष्य, आहार, दारू, हृदयाचे आजार, कोलेस्टेरॉलमधल्या घटकांचं प्रमाण आणि मनावरचा ताण. तेव्हा ताण यादीत आहे. पण यादीत असणं वेगळं आणि एखाद्या माणसाच्या बाबतीत तेच एकमेव कारण आहे असं म्हणून तपासणी थांबवणं वेगळं. अनघाताईंचा मुद्दा मला शंभर टक्के पटतो.

तिशीतल्या माणसाचं बीपी सतत १४०/९०च्या वर असेल तर ‘अजून वय लहान आहे, बघू’ असं करू नका. उलट वय लहान असेल तर बीपी का वाढलंय हेही शोधावं लागतं: मूत्रपिंडाचा आजार, मूत्रपिंडाची धमनी अरुंद होणं, अ‍ॅड्रिनल ग्रंथीची गाठ, किंवा झोपेत श्वास अडकणं. घोरणाऱ्या, दिवसा पेंगणाऱ्या तरुणाचं बीपी आवरत नसेल तर झोपेची तपासणी केल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

आता वय कमी असेल तेव्हा खास शोधायच्या गोष्टी. अनघाताईंच्या भावाला झालं ते डिसेक्शन. पाश्चात्त्य आकडेवारीत तरुणांच्या गुठळीच्या स्ट्रोकपैकी १० ते २५ टक्के यामुळे होतात. अपघातातला झटका, मानेला बसलेला हिसका, व्यायामशाळेत श्वास रोखून उचललेलं जड वजन, जोरात मान पिरगाळणं, अशा निमित्तांनी होतं. कधी निमित्त सापडतच नाही. पार्लरमध्ये केस धुताना मान बेसिनच्या कडेवर बराच वेळ मागे वाकवून ठेवल्यानंतर झालेले स्ट्रोकही १९९३ पासून वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेलेत. एकूण मान मोडून घेणाऱ्यांच्या संख्येच्या मानाने हे क्वचितच होतं हे खरं, पण मान मोडून घेण्यात फायदा काहीच नाही, मग तेवढा तरी धोका कशाला? नव्यानेच सुरू झालेलं एका बाजूचं मानदुखी-डोकेदुखी, त्याच बाजूची पापणी किंचित उतरलेली, बाहुली बारीक झालेली दिसली तर मालिश नको, सरळ दवाखाना गाठा. डिसेक्शन वेळेवर ओळखलं तर रक्त पातळ करायच्या गोळ्यांवर बहुतेक वेळा काही महिन्यांत धमनी भरून येते.

दुसरं हृदय. तिसरं, मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरांत गुठळी. चौथं, रक्ताचेच दोष. यांवर पुढे कुणी विचारलं तर लिहीन.

चक्कर-उलटीबद्दल एक सांगायलाच हवं. चेहरा वाकडा, हात लुळा, बोलणं अडखळणं ही लक्षणं आता बऱ्याच लोकांना माहीत झालीत. पण मेंदूच्या मागच्या भागातल्या स्ट्रोकमध्ये यातलं काहीच नसू शकतं. एकदम सुरू झालेली गरगर, आधाराशिवाय उभंच राहता न येणं, दोन-दोन दिसणं, गिळताना ठसका, आवाज बदलणं, एवढंच असतं. म्हणून हल्ली तोल आणि दृष्टी हेही लक्षणांत धरायला शिकवतात. पित्ताने माणसाला दोन-दोन दिसत नाही.

पूर्वा_ठाणे

डॉक्टर, शिरांतल्या गुठळीबद्दल जरूर लिहा. माझ्या मावसबहिणीला बाळंतपणानंतर दुसऱ्या आठवड्यात तेच झालं. वय २६. आधी दोन-तीन दिवस डोकं भयंकर दुखत होतं. जागरणामुळे असेल असं सगळे म्हणाले. मग आकडी आली. गावातल्या बायकांनी बाहेरचं काही आहे म्हणून लिंबू-नारळ उतरवून टाकला आणि त्यात अर्धा दिवस गेला. तिच्या मोठ्या जाऊबाई नर्स आहेत, त्यांनी हट्टाने कोल्हापूरला हलवलं म्हणून ती आज आहे. आमच्याकडे बाळंतिणीला पाणी मोजून देतात, ‘पोट सुटेल, बाळाला सर्दी होईल’ म्हणून. तिलाही तसंच दिलं होतं. त्याचा संबंध असतो का?

न्यूरो_विदर्भ

पूर्वाताई, असतो. बाळंतपणात अतिरक्तस्राव होऊन जीव जाऊ नये म्हणून गरोदरपणाच्या शेवटी आणि बाळंतपणानंतर शरीर मुळातच रक्त लवकर गोठेल अशी तयारी करून ठेवतं. पहिले सहा आठवडे धोका सर्वांत जास्त, नंतर तो उतरतो, पण बारा आठवड्यांपर्यंत थोडा राहतो. त्यात पाणी तोडलं, अंगात रक्त कमी असलं, जंतुसंसर्ग झाला, की शिरांत गुठळी धरायला सगळं जुळून येतं. मग मोरीचं तोंड तुंबावं तसं रक्त मागे साचतं, मेंदूला सूज येते, कधी त्यातच रक्तस्राव होतो. भारतातल्या डॉक्टरांना हा आजार बाळंतिणींमध्ये अनेक दशकांपासून परिचित आहे.

बाळंतिणीला तहानेप्रमाणे पाणी द्या. दूध पाजणाऱ्या बाईला उलट जास्तच लागतं. डिंक-अळिवाचे लाडू, शेक-शेगडी, काय करायचं ते करा, पाणी तोडू नका. आणि बाळंतिणीचं न थांबणारं डोकं, अंधुक दिसणं, आकडी यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात. उपचार आहे आणि चांगला लागू पडतो.

याच आजाराचे पुरुष रुग्णही आपल्याकडे दिसतात. दोन-तीन दिवस सलग दारू, जेवण नाही, पाणी नाही, त्यात उन्हाळा.

अजून एक, बायकांनी विशेष लक्ष द्यावं. गौरी-गणपती, लग्न, सत्यनारायण आला की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या दुकानातून आणून घेतल्या जातात. काही दिवस घेऊन बहुतेकींना काही होत नाही. पण आधी कधी गुठळी झालेली असेल, घरात कुणाला झालेली असेल, नुकतंच बाळंतपण झालं असेल, त्यात उपास करून पाणीही कमी प्यायलं जात असेल, तर धोका वाढतो. अशा गोळ्या घेतल्यानंतर शिरांत गुठळी झालेल्या बायका मी स्वतः पाहिल्या आहेत. देवाचं करायला कुणाची ना नाही, पण स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ही गोळी घेऊ नये.

अबोली_२

हे वाचून पोटात गोळा आला. आमच्या घरात जाऊबाई, नणंद सगळ्या दर गणपतीला घेतात. सासूबाईंना हा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, पाळी आली तर गौरी आम्ही बसवू, तुम्ही बाहेर बसा, पण गोळी नको.

सतीश_क

एवढं सगळं लिहिलंय पण मुख्य गोष्ट कुणी बोलत नाही. लस घेतल्यापासूनच हे तरुण पोरांचे स्ट्रोक वाढलेत. सगळ्यांना माहीत आहे.

न्यूरो_विदर्भ

सतीशराव, तुमची शंका बऱ्याच जणांच्या मनात असते, म्हणून नीट उत्तर देतो. अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या, म्हणजे आपल्याकडच्या कोव्हिशील्डच्या लसीनंतर प्लेटलेट कमी होऊन मेंदूच्या शिरांत गुठळ्या होण्याचा प्रकार खरोखर आढळला. तो लपवलेला नाही, २०२१ सालीच त्यावर शोधनिबंध आले. पण तो अतिशय दुर्मीळ होता आणि डोस घेतल्यानंतर पहिल्या काही आठवड्यांतच व्हायचा. वर्षं उलटल्यानंतर आलेल्या स्ट्रोकचं खापर त्यावर फोडता येत नाही. कोविडच्या आजारातच गुठळ्यांचा धोका लसीपेक्षा कितीतरी जास्त होता, त्या काळात वॉर्डात ते रोज पाहिलंय. माझी काळजी वेगळी आहे. ‘लसीमुळे झालं’ असं ठरवून बसलेला माणूस बीपी मोजत नाही, तंबाखू सोडत नाही.

चाळीसगावकर

तंबाखूवरून विचारतो. बिडी-सिगारेटने होतं हे माहीत आहे. पण आमच्याकडे ओढणारे कमी, मळून खाणारे, मावा खाणारे जास्त, आणि बायका मिश्री लावतात. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण मिळायचं थांबलेलं नाही. धूर फुप्फुसात जातच नाही तर मेंदूला काय होणार, असं पोरं म्हणतात.

न्यूरो_विदर्भ

निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून थेट रक्तात जातं आणि दाढेखाली चिमूट असेपर्यंत जातच राहतं. नाडी वाढते, बीपी वाढतं, रक्तवाहिन्या आकसतात. खायच्या तंबाखूचा संबंध जीवघेण्या स्ट्रोकशी असल्याचं अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसलं आहे. सिगारेटइतका धोका नसेल, पण ‘खातो, ओढत नाही’ म्हणणारा सुरक्षित नाही. मिश्रीत तर तंबाखूच भाजून घातलेला असतो, ते दंतमंजन नव्हे. गरोदर बायकासुद्धा दिवसातून तीन-चारदा लावताना दिसतात.

अक्षय_हिंजवडी

अनघाताई, थोडा विरोधी सूर लावतो. टेन्शन हे उत्तर पुरेसं नाही, मान्य. पण कामाचा बोजा बाजूला टाकू नका. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली मिळून जे विश्लेषण प्रसिद्ध केलं त्यात आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा स्ट्रोकचा धोका ३५ टक्के जास्त दिसला. आमच्या आयटीत ५५ तास म्हणजे हलका आठवडा. झिरोधा या शेअर दलाली कंपनीच्या नितीन कामथ यांनी २०२४ साली स्वतःच जाहीर केलं होतं, की त्यांना सौम्य स्ट्रोक आला. चाळिशीत नुकतेच शिरलेले, तब्येत राखणारे गृहस्थ. वडिलांचं निधन, अपुरी झोप, थकवा, पाण्याची कमतरता, अति व्यायाम यांपैकी काहीही कारण असेल असं त्यांनी लिहिलं होतं. कंपन्या दरवर्षी ‘आरोग्य सप्ताह’ साजरा करतात, पण रात्री अकराचा कॉल कुणी रद्द करत नाही. कारण एका माणसाच्या धमनीत शोधायचं आणि कंपनीला मोकळं सोडायचं, हे मला पटत नाही.

अनघा_वाई

अक्षय, तुझं म्हणणं पटलं. कामाच्या तासांबद्दल जरूर भांडावं, आकडा हातात असेल तर जास्तच जोरात. माझी हरकत ‘टेन्शन’ या गुळगुळीत उत्तराला आहे, कारण त्यात ना कंपनीला काही बदलावं लागतं ना डॉक्टरला काही तपासावं लागतं. रोग्यालाच सांगतात, "फार विचार करू नकोस." भावाला हे इतक्यांनी सांगितलं, की आपणच हे ओढवून घेतलं असं त्याला वाटायला लागलं होतं. अँजिओचा रिपोर्ट आल्यावर तो पहिल्यांदा शांत झोपला.

न्यूरो_विदर्भ

अक्षय, ५५ तास काम करणारा झोपेतून तास काढतो, चालणं सोडतो, रात्री उशिरा जेवतो, सिगारेट वाढवतो, बीपीची गोळी विसरतो. बोजा मेंदूपर्यंत पोचतो तो बहुतेक याच वाटांनी. म्हणून दोन्ही करायचं.

रानवाटा

मी नंदुरबार जिल्ह्यात शिक्षक आहे. आमच्या भागात सिकलसेल, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार, आहे, तसाच तो गडचिरोली आणि पूर्व विदर्भातही आहे. आश्रमशाळेतल्या एका मुलाला एकाएकी एका बाजूने लकवा आला. अंगावरून वारं गेलं म्हणून घरचे त्याला झाडपाल्याच्या औषधाला नेत होते. तपासल्यावर सिकलसेल निघाला, आईवडील दोघेही वाहक. तेव्हा कळलं, की लहान मुलांत स्ट्रोक येण्याचं हे एक महत्त्वाचं कारण आहे, आणि सिकलसेल असलेल्या विशी-तिशीतल्यांनाही मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. आदिवासी भागातल्या तरुणाला स्ट्रोक झाला तर सिकलसेलची तपासणी पहिल्याच दिवशी व्हावी, असं मला वाटतं. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या नियमित मिळाल्या तर बराच फरक पडतो. आमच्याकडे त्या कधी असतात, कधी नसतात.

न्यूरो_विदर्भ

सर, अगदी बरोबर. ग्रामीण भागाबद्दल एक आकडा कायम लक्षात ठेवण्यासारखा आहे. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांत मृत्यूंची कारणं तपासली. डॉ. योगेश्वर कालकोंडे यांचा हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात स्ट्रोक हे मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं, १४.३ टक्के, म्हणजे सात मृत्यूंमागे एक. मरणारे बहुतेक वयस्कर होते आणि बहुतेक घरीच गेले. स्ट्रोक हा शहरी, एसीत बसणाऱ्यांचा आजार आहे ही समजूत तिथेच गळून पडते.

मालन_आजरा

हृदयाबद्दल मी लिहिते. माझ्या बहिणीला ३२व्या वर्षी स्ट्रोक झाला आणि कारण निघालं लहानपणीचं. दहा-बारा वर्षांची असताना घसा दुखून ताप यायचा, मग सांधे सुजायचे. बरं वाटलं की शेतात. त्या संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप आवळली गेली होती, हे पहिल्या गरोदरपणात धाप लागायला लागली तेव्हा कळलं. नंतर ठोके अनियमित झाले, हृदयात गुठळी झाली आणि ती मेंदूत गेली. आता अ‍ॅसिट्रॉमची रक्त पातळ करायची गोळी रोज आणि रक्त किती पातळ झालंय ते बघायला पीटी-आयएनआरची रक्ततपासणी ठरावीक दिवसांनी. तालुक्याला ती तपासणी होते, पण त्या दिवसाची मजुरी बुडते, म्हणून ती टाळायची. आता भावजय सोबत जाते, चुकू देत नाही.

डॉक्टर, नव्या गोळ्या आल्यात, त्यांना रक्ततपासणी लागत नाही म्हणतात. त्या चालतील का?

न्यूरो_विदर्भ

मालनताई, झडप बऱ्यापैकी आवळलेली असेल तर नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत या झडपेच्या रुग्णांमध्ये जुनी गोळीच सरस ठरली. कुणी परस्पर बदलून दिली तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊ देऊ नका. आणि ज्यांच्या घरात मुलाचा घसा वारंवार दुखून सांधे सुजतायत, त्यांनी डॉक्टरांकडे न्या. दर तीन आठवड्यांनी घ्यायचं पेनिसिलिनचं इंजेक्शन झडप वाचवतं.

मिहीर_एनजे

अमेरिकेतून लिहितोय. इथे २०२२ साली हेली बीबर या मॉडेलची बातमी खूप गाजली होती. वय २५. बोट सुन्न, चेहऱ्याची एक बाजू उतरली, बोलता येईना. मेंदूत छोटी गुठळी गेली होती. नंतर तिनेच व्हिडिओ करून सगळं सांगितलं: नुकताच होऊन गेलेला कोविड, मायग्रेन असताना सुरू केलेली गर्भनिरोधक गोळी, लांबचा विमानप्रवास, आणि हृदयाच्या दोन कप्प्यांमध्ये जन्मापासून उघडं राहिलेलं छिद्र. ते छिद्र बंद केलं. मला यातून हे समजलं, की कारण एकच असेल असं नाही, चार गोष्टी एकाच आठवड्यात एकत्र येऊ शकतात. डॉक्टर, ते छिद्र सगळ्यांनी तपासून घ्यावं का?

न्यूरो_विदर्भ

नको. दर चारपैकी एका प्रौढाला ते छिद्र असतं आणि बहुतेकांना आयुष्यभर त्रास होत नाही. स्ट्रोक झाल्यानंतर दुसरं कारण सापडलं नाही, तरच ते महत्त्वाचं ठरतं. आपलं एकंदर तसंच आहे, ज्यांना गरज नाही ते महागडे स्कॅन करून घेतात आणि ज्यांना स्ट्रोक झालाय त्यांची तपासणी अर्धवट राहते. तरुण रुग्णाला एमआरआय, महाधमनीपासून मेंदूपर्यंतची अँजिओग्राफी, हृदयाची टूडी इको, ठोक्यांची दीर्घ नोंद, रक्ताच्या निवडक तपासण्या एवढं व्हायला हवं. गुठळी घडवणाऱ्या अँटिबॉडी सापडल्या तर बारा आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा करतात, एका रिपोर्टवर आयुष्यभराचं निदान करत नाहीत. एवढं करूनही कितीतरी रुग्णांत कारण सापडत नाही. तरी शोधायचं, कारण पुढच्या स्ट्रोकपासूनचा बचाव त्यावर ठरतो. डिसेक्शनचं औषध वेगळं, झडपेचं वेगळं, बीपीने फुटलेल्या नसेचं तर त्याहून वेगळं.

गोदातीर

आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. मेव्हण्याला स्ट्रोक झाला तेव्हा होमोसिस्टीन (बी१२ कमी पडलं की रक्तात वाढणारा घटक) खूप वाढलेलं आणि बी१२ कमी निघालं. सगळं त्याच्यावर ढकललं. बरोबर आहे का?

न्यूरो_विदर्भ

पुण्यात केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने केलेल्या अभ्यासात मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांत बी१२ कमी निघालं होतं. म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाचंही तपासलं तर कमी निघायची शक्यता मोठी. त्यामुळे ते सापडलं म्हणून बाकीचं शोधणं थांबवू नका. पण भरून जरूर काढा, गोळी स्वस्त आहे आणि नसांसाठी, रक्तासाठी तसंही लागतंच.

फिजिओ_स्नेहल

स्ट्रोकनंतरचं थोडं. तरुण रुग्णांकडे काम, कर्ज, लहान मुलं असतात, त्यामुळे घाई असते आणि निराशाही लवकर येते. कबुतराचं रक्त चोळणं, गावोगावच्या ‘पॅरालिसिसच्या औषधा’साठी गाड्या करून जाणं, यात पहिले तीन महिने निघून जातात. नेमके हेच महिने सुधारणेसाठी सर्वांत मोलाचे असतात. लुळ्या खांद्याला ओढून मालिश करू नका, सांधा सुटतो. बोलणं गेलं असेल तर स्पीच थेरपिस्ट गाठा. बोलता येत नाही म्हणजे समजत नाही असं नव्हे, त्याच्यासमोर त्याच्याबद्दल तो नसल्यासारखं बोलू नका. आणि रडू येणं, चिडचिड, झोप उडणं हे डॉक्टरांना सांगा, त्यावर औषध आहे.

मुठाकाठ

सगळं वाचलं. वाचनखूण साठवली. डॉक्टर, मध्यरात्री घरात कुणाला असं झालं तर नेमकं काय करायचं तेवढं एकदा लिहाल का?

न्यूरो_विदर्भ

घड्याळ बघा. शेवटचं धड कधी होता, ती वेळ डॉक्टर पहिली विचारतात. झोपेतून उठताना लक्षात आलं असेल तर झोपायला गेला ती वेळ सांगा. १०८ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा, पण जवळच्या नव्हे, सीटी स्कॅन चोवीस तास चालू असलेल्या रुग्णालयात. ते तुमच्या गावापासून कुठलं, हे आजच विचारून ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि जितकं लवकर तितका उपयोग जास्त. मोठी धमनी बंद असेल तर मांडीतून तार घालून गुठळी काढतात. ते सहा तासांच्या आत, आणि निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत शक्य असतं. घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नका, नस फुटली आहे की बंद झाली आहे हे सीटीशिवाय कुणालाच सांगता येत नाही. जिभेखाली बीपीची गोळी नको. चहा-पाणी नको, गिळणं गेलेलं असेल तर ते फुप्फुसात जातं. पाच-दहा मिनिटांत सगळं आपोआप ठीक झालं तरी जायचंच. पुढचा मोठा स्ट्रोक बहुधा त्यानंतरच्या काही दिवसांतच येतो.

अबोली_२

माझा एकच प्रश्न. मला अर्धशिशी आहे. डोकं दुखायच्या आधी डोळ्यांसमोर वेड्यावाकड्या चमकत्या रेषा येतात, पंधरा-वीस मिनिटं. गर्भनिरोधक गोळी दोन वर्षं चालू आहे. कुणी कधी विचारलंच नाही.

न्यूरो_विदर्भ

ताई, त्या रेषांना ऑरा म्हणतात. ऑरा असलेल्या अर्धशिशीत स्ट्रोकचा धोका साधारण दुप्पट असतो. मुळात या वयात तो कमीच असतो, त्यामुळे घाबरू नका. पण त्यावर इस्ट्रोजेन असलेली गोळी घेतली तर तो आणखी वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमांप्रमाणे ऑरा असलेल्यांना ती गोळी देऊच नये. तांबी किंवा फक्त प्रोजेस्टेरॉनचे पर्याय आहेत. या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, ऑराबद्दल आपणहून सांगा आणि गोळीचं पाकीट सोबत न्या. बीपीही मोजून घ्या.

अबोली_२

उद्या सकाळची वेळ घेतली आहे. पाकीट पर्समध्ये टाकलं.